कोबी-फळांचं स्लॉ अक्षरशः पाण्यात गेलं. कुठे चुकलं?

पानोपानी | रविवार, सकाळी ९:१२

काल रात्री आठ जण जेवायला होते. जेवण मसालेदार आणि जरा जडच होतं, म्हणून सोबतीला काहीतरी थंडगार, आंबटगोड, दाताखाली कुरकुर वाजणारं हवं होतं. कोबी आणि फळांचं स्लॉ, म्हणजे कोलस्लॉसारखं कच्चं सलाड, करायचं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच. कृती अशी कुठली हाताशी नव्हती, पण "त्यात काय, चिरायचं आणि कालवायचं" असा दांडगा आत्मविश्वास होता.

केलं ते असं: अर्धा गड्डा हिरवा कोबी, पाव गड्डा लाल कोबी (रंग छान दिसेल म्हणून), एक मोठं सफरचंद, दोन वाट्या ताज्या अननसाच्या फोडी, मूठभर अख्खी द्राक्षं, एका संत्र्याच्या फोडी. त्यावर एक वाटी घट्ट दही, दोन चमचे मेयोनेज, मध, मीठ, मिरपूड. संध्याकाळी धावपळ नको म्हणून दुपारी तीनलाच सगळं कालवून फ्रिजमध्ये ठेवून दिलं.

साडेआठला झाकण काढलं तर तळाशी दोन बोटं जांभळट पाणी, दही फाटल्यासारखं, सफरचंद तांबूस, कोबीचा उग्र वास आणि चव चक्क कडू. द्राक्षं तेवढी शाबूत होती. एकीने चमच्याने ढवळून "सूप कशाचं आहे गं?" असं अगदी निरागसपणे विचारलं.

पुढच्या शनिवारी पुन्हा हीच मंडळी येणार आहेत आणि मी हट्टाला पेटले आहे. कुठे कुठे चुकलं ते न संकोचता सांगा. कडूपणा तर मला कळतच नाहीये. प्रत्येक फळ चाखून घातलं होतं, एकही कडू नव्हतं.

चहाबाज | ९:२०

फोटो टाका हो.

पानोपानी | ९:२१

फोटो काढायच्या लायकीचं नव्हतं ते.

अळणी | ९:४८

पाण्याचं आधी बघू, कारण निम्मं दुखणं तिथेच आहे. कोबीत वजनाच्या जवळजवळ ९२ टक्के पाणी असतं. कापला की पेशी उघड्या पडतात आणि वरून मीठ पडलं की ते आतलं पाणी बाहेर खेचतं. हे होणारच. प्रश्न एवढाच, की ते पाणी आधी चाळणीत सुटू द्यायचं की नंतर तुमच्या दह्यात. तुम्ही दुसरा पर्याय निवडलात.

मी असं करते: कोबी बारीक चिरून वजन करायचं, त्याच्या दीड टक्का मीठ. म्हणजे अर्ध्या किलोला साधारण साडेसात ग्रॅम, बारीक मिठाचा सव्वा छोटा चमचा. हाताने अर्धा मिनिट हलकं चोळून चाळणीत ठेवायचं, खाली भांडं. पाऊण ते एक तासाने मुठी मुठीने पिळायचं. कोबी मऊ पण चिवट-कुरकुरीत होतो, वाकतो पण तुटत नाही. मग ड्रेसिंगमध्ये मीठ अजिबात घालायचं नाही, कोबीत राहिलेलं पुरतं.

आणि फळं? ती अगदी शेवटी. त्यांना मिठाच्या आणि मधाच्या संगतीत साडेपाच तास ठेवलंत तर तीही रडणारच.

उभाआडवा | १०:०५

अळणी, नावाला न शोभणारा सल्ला देताय :)

मी कोबीला मीठ लावून पिळायच्या साफ विरोधात आहे. पिळलेला कोबी म्हणजे ओला टॉवेल. ताजा कोबी चिरायचा, बर्फाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायचा, निथळून कापडावर खडखडीत कोरडा करायचा आणि वाढायच्या आधी दहा मिनिटं ड्रेसिंग घालायचं. कच्च्या कोबीचा जो 'करम' आवाज आहे, तो पिळल्यावर कुठून येणार?

अळणी | १०:११

वाढायच्या आधी दहा मिनिटं स्वयंपाकघरात उभं राहायला वेळ असेल तर तुमचं बरोबर. त्यांच्याकडे आठ पाहुणे होते.

प्रयोगशाळा | १०:३०

दोघंही एकाच गोष्टीची दोन टोकं सांगताय. बर्फाच्या पाण्यात क्षार कमी, पेशीत जास्त, म्हणून पाणी आत शिरतं आणि पेशी टम्म फुगतात, कोबी कडक होतो. मिठात उलटं. लगेच खायचं तर फुगवा, थांबायचं तर पिळा. फुगवलेल्या कोबीवर मीठ घालून ठेवलंत तर आत घेतलेलं पाणीसुद्धा व्याजासकट परत मिळेल.

आता कडूपणा. आरोपी अननस आहे, आणि त्याने एकट्याने केलेलं नाही, दह्याची साथ आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाची विकरं (एन्झाइम) असतात, ती प्रथिनांचे तुकडे करतात. दह्यातल्या प्रथिनांचे असे जे छोटे तुकडे पडतात त्यातले बरेचसे चवीला कडू असतात. दही पातळ झालं, फाटल्यासारखं दिसलं, तेही त्याचंच काम. म्हणून सुटं अननस गोड, सुटं दही छान, आणि पाच तासांचा संसार कडू.

किवीत ॲक्टिनिडिन, पपईत पपेन, अंजिरात फायसिन, सगळी एकाच पंथाची. दुधा-दह्याच्या ड्रेसिंगमध्ये ही चार फळं ताजी घालून ठेवू नयेत. डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो आणि उष्णतेने विकर मरतं. ताजाच हवा असेल तर फोडी कोरड्या तव्यावर आतपर्यंत चांगल्या तापेस्तोवर भाजा, गार करा, मग घाला. कडा जरा खरपूस झाल्या तर चवही वाढते. फ्रीझरमध्ये ठेवून मात्र विकर मरत नाही, नुसतं झोपतं.

पानोपानी | १०:४४

अरे देवा. म्हणजे मी अननसाला शांतपणे काम करायला साडेपाच तास दिले.

चहाबाज | १०:४६

वर फ्रिजची हवेशीर खोलीसुद्धा दिलीत.

गोडघाशी | ११:२०

सफरचंदाबद्दल. गोड, भुसभुशीत सफरचंद स्लॉसाठी घेऊच नये, ते दोन तासांत पीठ होतं. कडक आणि आंबट हवं. ग्रॅनी स्मिथ यासाठी फार गुणी. हिरवं, आंबट, आणि कापल्यावर बाकीच्यांपेक्षा उशिरा तांबूस होतं. (अवांतर: खरोखरच एका स्मिथ आजींच्या नावाचं आहे ते. ऑस्ट्रेलियात मरिया ॲन स्मिथ यांच्या बागेत १८६८ च्या सुमारास आपोआप उगवलेलं रोप.) गोडच हवं तर फुजीसारखं कडक घ्या.

साल काढू नका. काडेपेटीतल्या काडीएवढ्या पट्ट्या कापा आणि कापता कापता थेट लिंबाच्या रसात टाका. "आधी सगळं कापून मग लिंबू पिळते" यात पहिली पट्टी लाल होऊन बसलेली असते.

द्राक्षं अख्खी नकोत, उभी अर्धी करा. अख्ख्या द्राक्षाला ड्रेसिंग चिकटत नाही, ते काट्यालाही सापडत नाही, आणि लहान मुलं जेवायला असतील तर घशात अडकायची भीती. पाच वर्षांखालच्यांसाठी उभे चार तुकडे.

सुरीची_धार | ११:५२

कोणी चिरण्याबद्दल बोलतच नाहीये! स्लॉचं निम्मं यश सुरीत आहे.

गड्ड्याचे उभे चार भाग. प्रत्येकातला मधला दांडा तिरका कापून काढायचा. मग चौथाई सपाट बाजूवर ठेवून आडवं चिरायचं, दोन मिलिमीटरच्या आसपास. त्याहून बारीक केलं तर मीठ लावल्यावर लगदा, जाड ठेवलं तर चघळत बसा. पानातल्या जाड शिरा आडव्या कापल्या गेल्या की चावायला त्रास होत नाही. किसणीवर कोबी किसू नका, प्लीज. किसणी पेशी फाडते, पाणी आणि वास दोन्ही वाढतात.

स्लायसर असेल तर काम पाच मिनिटांचं, पण बोटं वाचवणारी पकड लावूनच. मी एकदा "शेवटचा तुकडाच तर आहे" म्हणून पकड काढली आणि अंगठ्याचं टोक कोबीबरोबर गेलं. तीन टाके. पाहुण्यांना स्लॉ मिळालं नाही, का ते मी सांगितलं नाही.

नवीन_सदस्य_क्र_कोण_जाणे | दुपारी १२:३५

बारीक चिरलं की वास का वाढतो? मला कच्च्या कोबीचा तो झणका अजिबात सहन होत नाही, फळांबरोबर तर नाहीच.

प्रयोगशाळा | १२:५०

कारण वास गड्ड्यात तयार नसतो, कापल्यावर होतो. पेशीत सिनिग्रिनसारखी गंधकयुक्त द्रव्यं एका कप्प्यात आणि मायरोसिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. सुरी फिरली की भिंत पडते, दोघं भेटतात आणि मोहरीच्या झणक्याचा तिखट पदार्थ तयार होतो. मोहरी आणि कोबी एकाच कुळातले, तेव्हा साम्य योगायोग नाही. जितकी बारीक चीर, तितक्या भेटी जास्त.

उपाय साधा. चिरलेला कोबी भरपूर गार पाण्यात हाताने खळबळून धुवायचा, पाणी फेकायचं, हवं तर पुन्हा एकदा. बराचसा झणका पाण्याबरोबर जातो. मीठ लावून पिळल्यावरही कमी होतो. आणि चिरून झाकून ठेवू नका, तो कोंडलेला वासच नंतर अंगावर येतो.

लिंबूटिंबू | १२:५८

कुळाचा विषय निघालाच आहे तर: कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, केल, सगळी एकाच वनस्पतीची, ब्रासिका ओलेरॅसियाची, माणसाने निवडून निवडून घडवलेली रूपं आहेत. एकाचं पान वाढवलं, एकाचं फूल, एकाचा देठ. त्यामुळे नवलकोलाच्या पट्ट्या या स्लॉमध्ये घरच्यासारख्या वागतात. वास कमी, कुरकुरीतपणा जास्त. निम्मा कोबी, निम्मा नवलकोल करून बघा.

शब्दवेल्हाळ | १:१५

माझा प्रतिसाद स्वयंपाकाच्या काही कामाचा नाही, तरी राहवत नाही.

कोलस्लॉ शब्द डच 'कोलस्ला'वरून इंग्रजीत गेला. डचमध्ये 'कोल' म्हणजे कोबी आणि 'स्ला' हे सलाडचं बोलीतलं आखूड रूप. म्हणजे 'कोबीचं कोलस्लॉ' हा पिवळा पीतांबर झाला. इंग्रजीत काही लोकांनी तो 'कोल्ड स्लॉ' करून टाकला, कारण गार तर असतंच ना! मेयोनेज या पदार्थात बऱ्याच उशिरा आलं. बाटलीबंद मेयोनेज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुकानांत दिसू लागलं आणि मग घट्ट झालं. त्याआधीचं स्लॉ व्हिनेगरचं.

धागाकर्तीचं शीर्षक बरोबर आहे, त्यांनी नुसतं 'स्लॉ' लिहिलंय.

पानोपानी | १:१८

योगायोग आहे, पण श्रेय घेते.

उभाआडवा | १:४०

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मुळात व्हिनेगरचं. फळं घालायची असतील तर दही-मेयोनेज हवंच कशाला? फळाची चव पांढऱ्या चिखलात बुडते. आंबट, पातळ, झळझळीत ड्रेसिंग ठेवा.

अळणी | १:४४

यावर मात्र सहमत. नोंद करा कोणीतरी.

गोडघाशी | २:३०

मग प्रमाण देते. हे माझं पक्कं आहे, दहा-बारा वर्षांचं.

अर्धा किलो चिरलेल्या कोबीला तीन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा ॲपल सायडर व्हिनेगर, दोन मोठे चमचे बिनवासाचं तेल, एक छोटा चमचा मस्टर्ड (मोहरीची तयार पेस्ट), एक छोटा चमचा मध, ताजी मिरपूड. आधी तेल सोडून सगळं फेटायचं, मग तेलाची धार धरत फेटायचं. मस्टर्ड चवीपुरतं नाही, ते तेल आणि आंबट यांना धरून ठेवतं, नाहीतर तेल वर तरंगतं.

पानांच्या सलाडला तीन भाग तेल, एक भाग आंबट असं सांगतात. इथे ते उलटं का, तर फळं गोड आहेत आणि कोबी जाडजूड. आंबट कमी पडलं की सगळं बेचव गोडमिट्ट लागतं. फळ गोडीसाठी घालतोय असं बहुतेकांना वाटतं. मी ते रसासाठी आणि वासासाठी घालते.

फळ किती? वजनाने कोबी तीन भाग, फळ एक भाग. याच्या पुढे गेलात की ते कोबी घातलेलं फ्रूट सलाड होतं.

आणि मध लगेच वाढवू नका. ड्रेसिंग खोलीच्या तापमानाला चाखलंत तर गोड वाटेल, फ्रिजमधून काढल्यावर कमी गोड. थंड पदार्थात गोडी दबते. वाढायच्या वेळी जितकं गार असेल तितकं करून चाखा आणि मग ठरवा.

किसणीवाला | ३:१०

मी कोबी किसतो. नावावरून कळलं असेलच. सुरीची_धार, तुमचा प्रतिसाद मनाला लागला.

सुरीची_धार | ३:१२

लागू दे.

वजनकाटा | ५:४५

दुपारी वेळ होता, करून पाहिलं. एकाच गड्ड्याचे ४००-४०० ग्रॅमचे तीन ढीग. एकाला ६ ग्रॅम मीठ, दुसऱ्याला ६ ग्रॅम साखर, तिसरा तसाच. एक तासाने सारख्याच जोराने पिळले (म्हणजे माझ्याच हाताने).

मिठाचा: ७९ ग्रॅम पाणी. साखरेचा: ११. तसाच: काही थेंब, काट्याने दखल घेतली नाही.

साखर लावूनही पाणी सुटतं असं बरेच ठिकाणी वाचलं होतं, म्हणून जरा निराशा झाली.

प्रयोगशाळा | ६:०२

सुंदर! निराश होऊ नका, हिशोब तसाच आहे. साखरेचा रेणू जड आणि एकटा, मिठाचा हलका आणि पाण्यात फुटून दोन कण होणारा. वजनाला वजन घेतलं तर मिठाची ओढ साखरेच्या जवळजवळ बारापट पडते. साखरेने काम करायचं तर मूठभर लागेल. फळांना मध घालून ठेवल्यावर पाणी सुटतं ते कारण मध पुष्कळ घातलेला असतो आणि फळाच्या कापलेल्या पेशी नाजूक असतात.

थेंबथेंब | ६:४०

पाणी शोषणारं काहीतरी आत ठेवायचं हा माझा उपाय. बेदाणे किंवा सुकवलेल्या क्रॅनबेऱ्या. कोरड्याच घाला, भिजवू नका. सुटलेलं पाणी त्या पिऊन टुमटुमीत होतात. फसलेल्या स्लॉवरसुद्धा चालतो हा उपाय, अर्थात दोन बोटं पाण्याला बेदाण्यांचं पोतं लागेल.

डाळिंबाचे दाणे पण उत्तम, प्रत्येक दाण्याचा रस त्याच्या कातडीत बंद असतो. कलिंगड, स्ट्रॉबेरी, केळं यांना या पदार्थात प्रवेश नाही.

लाल_कोबीची_भक्त | रात्री ८:१५

जांभळ्या पाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. लाल कोबीचा रंग अँथोसायनिनचा, पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना रंगवतो. आंबटात गुलाबी-लाल, आंबट नसेल तर जांभळा, आणि खाण्याच्या सोड्यासारखं काही लागलं तर निळा-हिरवा. काही ठिकाणच्या नळाच्या पाण्यात धुतला तरी निळसर दिसतो, घाबरू नका, लिंबू पिळलं की परत येतो.

दोन रंग वेगळे दिसायला हवे असतील तर लाल कोबी वेगळ्या भांड्यात मीठ लावून पिळा, त्याला थोडं व्हिनेगर चोळा आणि वाढायच्या वेळी वरून पसरा. एकत्र ढवळायचं ते ताटात, ज्याचं त्याने.

खरं तर हिरव्याची गरजच नाही. नुसता लाल कोबी, ग्रॅनी स्मिथ, भाजलेले अक्रोड. संपला विषय.

काळजीवाहू | सोमवार, सकाळी ७:५०

एक प्रश्न. बहीण गरोदर आहे, तिला हे चालेल का? कच्चा कोबी टाळा असं कोणीतरी म्हणालं.

प्रयोगशाळा | ८:३०

डॉक्टरांना विचाराच, पण त्या म्हणण्यामागे खरी घटना आहे. १९८१ मध्ये कॅनडाच्या पूर्वेकडच्या सागरी प्रांतांत लिस्टेरिया जंतूंची साथ आली, ४१ रुग्ण, त्यात बहुसंख्य गरोदर स्त्रिया आणि नवजात बाळं. शोध कोलस्लॉपर्यंत पोचला. कोबीच्या शेतात मेंढ्यांचं कच्चं खत घातलं होतं, त्या कळपात हा आजार होऊन गेला होता, आणि कोबी हिवाळाभर शीतगृहात होता. लिस्टेरिया थंडीत मरत नाही, हळूहळू वाढतो. हा जंतू अन्नातून पसरतो हे पक्कं सिद्ध झालं ते या साथीमुळे.

म्हणून गरोदरपणात विकतचं, आधीपासून करून ठेवलेलं स्लॉ टाळायला सांगतात. घरी करताना बाहेरची दोन-तीन पानं काढून टाका, आतला गड्डा वाहत्या पाण्याखाली धुवा, सुरी-फळी स्वच्छ, आणि करून लगेच खा. धुण्याने जंतू कमी होतात, पूर्ण जातातच असं नाही, म्हणून अंतिम शब्द डॉक्टरांचा.

बाकीच्यांसाठी: दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, फ्रिज ५ अंशांच्या खाली.

औषधपेटी | ९:१०

यात एक भर. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेत असाल तर कोबीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. कोबी बंद करायचा नसतो, पण महिनाभर नाही आणि मग एका आठवड्यात दोन गड्डे असंही करायचं नसतं.

चहाबाज | ९:१५

स्लॉचा धागा आता दवाखान्यात पोचला. परत स्वयंपाकघरात चला.

पानोपानी | रविवार, सकाळी १०:०५

परत आले. काल दुसरा प्रयोग झाला, इतिवृत्त देते.

हिरवा कोबी ६०० ग्रॅम, दोन मिलिमीटर (सुरीने; स्लायसर आणला होता पण अंगठ्याची गोष्ट वाचून पेटीतच ठेवला). ९ ग्रॅम मीठ, एक तास चाळणीत, पिळून ११० ग्रॅम पाणी निघालं. ते भांडं मी नवऱ्याला मुद्दाम नेऊन दाखवलं. लाल कोबी वेगळा. ग्रॅनी स्मिथ एक, अर्धी केलेली द्राक्षं, डाळिंब, तव्यावर भाजलेला अननस, शेवटी पुदिन्याची पानं आणि भाजलेले बदामाचे काप. दही नाही, मेयोनेज नाही. फळं आणि ड्रेसिंग साडेसातला घातलं, साडेआठला वाढलं.

पाणी: चमचाभर. रंग: अप्रतिम. आवाज: उभाआडवा, तुमचा 'करम' नव्हता पण 'कच' होता, ओला टॉवेल मुळीच नव्हता. सूपवालीने दोनदा घेतलं.

पण! हलकासा कडूपणा या वेळीही होताच. इतरांना जाणवला नाही, मला जाणवला. अननस तर चांगला भाजला होता आणि दहीच नव्हतं. आता कोण?

गोडघाशी | १०:२०

ड्रेसिंग जसंच्या तसं केलंत का? लिंबाचा रस?

पानोपानी | १०:२६

एक बदल केला. लिंबाऐवजी निम्मा संत्र्याचा रस घेतला, संत्री आणलेलीच होती. सकाळी करून ठेवलं होतं ड्रेसिंग.

प्रयोगशाळा | १०:५५

सापडला. नेव्हल जातीची होती का, वर बेंबीसारखी खूण असलेली?

संत्र्याच्या पांढऱ्या आवरणात आणि बियांत एक बेचव द्रव्य असतं. रस काढला की रसातल्या आम्लामुळे त्याचं सावकाश लिमोनिन होतं, आणि लिमोनिन चांगलंच कडू. ताजा रस प्यालात तर गोड, चार-सहा तासांनी तोच कडवट. नेव्हल संत्री यासाठी कुप्रसिद्ध आहेत. रस काढताना दाबून पांढरा भाग चुरडला किंवा बिया फुटल्या तर आणखी.

संत्र्याचा रस घालायचा तर वाढायच्या आधी काढायचा, हलक्या हाताने, गाळून. किंवा रस नकोच, पातळ पापुद्रा सोलून नुसता गर घ्या. तुमच्या पहिल्या स्लॉमध्येसुद्धा संत्र्याच्या फोडी होत्या, म्हणजे अननसाला तिथे थोडी मदत झालीच असणार. मी त्याच्या एकट्यावर आरोप ठेवला, ते मागे घेतो.

पानोपानी | ११:०२

हो, बेंबीवालीच! पुढच्या वेळी नुसतं लिंबू.

किसणीवाला | ११:३०

मी परवा पहिल्यांदा सुरीने चिरला. एक गड्डा, पस्तीस मिनिटं. चव बरी होती. पाणी कमी सुटलं हे मान्य. पस्तीस मिनिटं मात्र अमान्य.

सुरीची_धार | ११:३४

सुरीला धार लावा, बारा मिनिटं होतील.

नवीन_सदस्य_क्र_कोण_जाणे | दुपारी १:२०

सफरचंदाऐवजी पेअर चालेल का? घरात चार पडलेत.

गोडघाशी | १:४१

दाबून बघा. देठाजवळ बोट रुतत असेल तर ते खाऊन टाका, स्लॉमध्ये त्याचा गाळ होईल. दगडासारखं कडक असेल तर उत्तम, सालीसकट पट्ट्या करा, लिंबू थोडं वाढवा, कारण पेअरला आंबटपणा कमी.